बॅगेत सापडलेलं सोनं

सोनं गेल्याच्या फिर्यादी मी नोकरीभर लिहून घेतल्या. घरात सोनं सापडलं म्हणून रडणारी बाई मात्र मी एकदाच पाहिली, आणि ते प्रकरण काही केल्या मनातून जात नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातून पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. घरी बसून पेपर वाचणं काही मानवेना, म्हणून ओळखीतून कुवेतला गेलो आणि अहमदीत एका कंत्राटी कंपनीच्या वसाहतीवर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. अहमदी म्हणजे तेल कंपनीने वसवलेलं जुनं गाव. बैठी घरं, कुंपणाला मेंदी, आणि चक्क झाडं. माझं पद ऐकायला मोठं असलं तरी काम सगळं फाटकावरचं. गाड्यांची नोंद ठेवायची, कॅमेरे बघायचे आणि घरकामाच्या बायका सुटीवर गावी निघाल्या की त्यांच्या बॅगा उघडून तपासायच्या. हे शेवटचं काम मला कधी आवडलं नाही, पण कंपनीचा नियम होता.

तो शुक्रवार होता, म्हणजे तिकडची सुटी. सकाळीच आमचा हारिस, म्हणजे वॉचमन, केबिनमध्ये आला. केरळचा माणूस, वसाहतीचे कान. अर्धं पोलीसखातं खबऱ्यावर चालतं, आणि मला हा खबऱ्या आयता मिळाला होता.

"साब, वो इंजिनियर के घर की इंडोनेशिया वाली बाई है ना, कुछ जादू कर रही थी. कटोरे में पानी, हाथ में पत्ते. गाडी के टायर पे पानी मारा, बेबी के सूटकेस पे मारा, मुंह में कुछ बोल रही थी."

मी म्हटलं, "बाबा रे, गप बस. हे दुसऱ्या कोणाला सांगितलंस?"

"नहीं साब."

"मग सांगूही नकोस." मी मराठीतच बोललो, पण आवाजाचा अर्थ त्याला कळला. तिकडे जादूटोण्याचा नुसता संशयसुद्धा फार महागात पडतो. प्रकरण एकदा मखफरमध्ये, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात गेलं, की परदेशी मोलकरणीचं ऐकून घेणारा कोण?

मी बूट घालतोय तोच इंजिनियरसाहेबांचा फोन. "काका, जरा घरी येता का? आत्ताच या."

हे कुटुंब पुण्याकडचं. नवरा-बायको आणि एकुलती एक मुलगी. मुलगी दुसऱ्या दिवशी शिकायला कॅनडाला निघणार होती. घरात गेलो तर दिवाणखान्यात उघडी सूटकेस, वहिनी सोफ्यावर बसून रडतायत, आणि टेबलावर पांढऱ्या फडक्याची एक पुरचुंडी. कपड्यांच्या तळाशी, स्वेटरच्या घडीत दडवलेली सापडली होती. आत पिवळट तांदूळ, एक जाडसर हिरवं पान आणि सोन्याची अंगठी.

"करणी आहे हो काका ही!" वहिनी म्हणाल्या. "माझ्या लेकीवर करणी केली त्या बाईनं. आणि ही अंगठी आमची नाही. कुणाची तरी चोरून हिच्या बॅगेतून बाहेर पाठवत असणार. विमानतळावर पकडली असती म्हणजे?"

"मी मखफरला फोन लावतोय," इंजिनियरसाहेब म्हणाले.

"लावा की. पण आधी मला माझं काम करू द्या. गावभर बोंब झाली की पुरावा राहत नाही, नुसती बोंबच राहते." मी फोन त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवला.

ज्या बाईवर संशय होता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल. सुमात्रा बेटाच्या टोकाला आचे म्हणून मुलूख आहे, तिथल्या एका खेड्यातली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून या घरात होती. मुलगी तिला माकचुत म्हणायची. त्यांच्याकडे मावशीला असं म्हणतात म्हणे. या घरात राहून ती मोडकंतोडकं मराठीही शिकली होती.

मुलगी तिच्यापुढे हात पसरून उभी. "अंकल, शी इज माय माकचुत! तुम्ही तिला पोलिसात दिलं ना, तर मी जाणारच नाही. कॅन्सल करा सगळं."

मी आधी पुरचुंडीकडे वळलो. पोलिसाने रडणाऱ्याकडे नंतर आणि मुद्देमालाकडे आधी बघावं. कोकणात नोकरी केलेल्याला करणीचं सामान शिकवावं लागत नाही. लिंबू, बिबा, टाचण्या, काळी बाहुली, माणसाचे केस. असलं सामान मी पोत्याने जप्त केलंय, आणि करणाऱ्या भोंदूंना आत टाकलंय. इथे त्यातलं एकही नव्हतं. तांदळात मधूनमधून सालासकट भाताचे दाणे होते. आणि पान? अहो, ते तर पानफुटीचं! आमच्याकडे मुतखड्यावर खातात ते. कडेने बारीक कोंबसुद्धा फुटले होते. शत्रूचं वाईट चिंतणारी बाई जिवंत, कोंब आलेलं पान कशाला घालेल?

"वहिनी, एक विचारतो. तुमच्या लग्नात तुमच्या डोक्यावर काय पडलं होतं?"

त्यांनी डोळे पुसले. "काय म्हणजे? अक्षता."

"कशाच्या?"

"तांदळाच्या. कुंकवाच्या, हळदी..." बोलता बोलता त्यांचं लक्ष पुरचुंडीतल्या पिवळट तांदळाकडे गेलं.

करणीचा प्रश्न जवळपास मिटला, पण अंगठी होतीच. माकचुत सगळा पगार गावी पाठवते हे वहिनींना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तिच्या बोटात कोणी अंगठी पाहिली नव्हती. मग सोनं आलं कुठून?

मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, समोर पाण्याचा ग्लास ठेवला. दरडावून जबाब घेणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. दरडावलेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, खरं बोलत नाही.

"बाई, अंगठी कोणाची?"

"माझा. लग्नाचा. नवऱ्यानं दिला." मग म्हणाली, "मी चोर नाय, साहेब."

"मग बोटात का नाही कधी?"

"भांडी. साबण. बोट सुजतो. ट्रंकेत ठेवला."

"मग दिवसाढवळ्या पोरीच्या हातात द्यायची ना. लपवली का?"

"वहिनी घेणार नाय. वहिनी बोलणार, माकचुत, तुझ्याकडेच राहू दे." तिने वहिनींचा आवाज असा हुबेहूब काढला, की दाराआड उभ्या असलेल्या वहिनींना हुंदका आला.

मला पटत होतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. ती म्हणाली, गावी धाकटी बहीण आहे, तिला अंगठी माहीत आहे. मी तिचा फोन ताब्यात घेतला आणि वसाहतीच्या दवाखान्यातल्या इंडोनेशियन नर्सला बोलावलं. ती दुसऱ्या बेटावरची, माकचुतशी तिचं काही नातं नाही. माकचुतला बाहेर अंगणात बसवलं आणि नर्सला बजावलं, "अंगठी सापडली, पकडली, काही सांगायचं नाही. फक्त विचार, बहिणीने जाताना कुठला दागिना नेला आणि तो कसा होता."

व्हिडिओ कॉल लागला आणि आमच्या त्या बंद, गार दिवाणखान्यात एकदम हिरवं गाव उतरलं. मी कोकणातला, हिरवळ मला नवी नाही. पण ते घर बघून मी थक्क झालो. माणसाच्या डोक्याहून उंच लाकडी खांबांवर उभं अख्खं घर, खाली सावलीत शेळ्या. जिन्यापाशी पाण्याचा रांजण, पाय धुतल्याशिवाय वर जायचं नाही. बहीण हौशी, तिने फोन फिरवून सगळं दाखवलं. नर्स भाषांतर करत होती. या घराला खिळा नाही, नुसत्या खुंट्या आणि पाचरी. गाव बदलायचं झालं तर घर सोडवायचं आणि माणसं जमवून उचलून न्यायचं. छपराला एक दोर असतो. आग लागली तर तो एक दोर तोडायचा, जळतं छप्पर घसरून खाली येतं आणि घर वाचतं.

"घर कोणाच्या नावावर?" मी विचारलं. सवय जाते थोडीच!

बहीण हसली. "बाईच्या. दुसऱ्या कोणाच्या असणार?"

मुलगी झाली की आईबाप तिच्यासाठी घराच्या तयारीला लागतात. लग्न झालं की नवरा तिच्याकडे येतो. बायकोसाठी त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थच घरधनीण. मागे पायरीवर एक गृहस्थ विडी ओढत बसले होते. "हे माझे यजमान," बहीण म्हणाली, "पण घराच्या बाबतीत पाहुणेच." गृहस्थांनी मला हात केला. मजेत होते की!

"म्हणजे सगळे घरजावई?" इंजिनियरसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

मी हसलो खरा, पण आमच्याकडची प्रकरणं आठवली. हक्कसोडीच्या कागदावर बहिणीचा हात धरून अंगठा उठवणारे भाऊ मी डोळ्यांनी पाहिलेत. माहेरच्या जमिनीचा तुकडा मागितला म्हणून बहिणीला फाटकातून हाकललं, अशा तक्रारी ठाण्यात घेतल्यात. आणि इथे नकाशात शोधून न सापडणाऱ्या गावात घर मुलीचंच, आणि त्याबद्दल कोणाला काही सांगायचीही गरज वाटत नाही.

मग अंगठीचं निघालं. बहीण लगेच म्हणाली, "लग्नातली अंगठी ना? ती वाकडी आहे. आमच्याकडे पायाने चालवायचं भात कांडायचं उखळ असतं. त्यात ताईचा हात सापडला होता. बोट वाचलं, अंगठी चेपली. तिने कधी सरळ करून घेतली नाही."

मी पुरचुंडीतली अंगठी उचलून उजेडात धरली. एका अंगाला चांगली चेपलेली होती.

इंजिनियरसाहेबांनी टेबलावरचा फोन उचलला आणि खिशात घातला. वहिनी उठल्या त्या थेट अंगणात गेल्या. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. एसीचं पाणी ठिबकायचं त्या कुंडीजवळ, पानफुटीच्या झाडाशी दोघी कितीतरी वेळ उभ्या होत्या. ते झाडही माकचुतने गावाहून रुमालात बांधून आणलेल्या एका पानातून वाढवलेलं.

मग तिने सगळं सांगितलं. गावातून कोणी लांब निघालं की मोठ्या बाया पानाने पाणी शिंपडतात, डोक्यावर तांदूळ टाकतात आणि हातात काहीतरी देतात. माणूस निघो नाहीतर नवी गाडी, शिंपडायचं दोघांवर. जाणाऱ्याचं डोकं गार राहावं, वाट गार राहावी. त्यांच्याकडे पुरुष बाहेर जातो आणि बाई घर धरते. हिचं उलटं झालं. नवरा वारला, दोन मुलगे लहान, घराचं छप्पर गेलेलं. मग घर बहिणीच्या हवाली करून हीच निघाली. आधी झुलता पूल, मग दिवसभराची बस, पुढे दोन विमानं. निघताना तिच्या आईने तिच्या डोक्यावर असेच तांदूळ टाकले होते.

वहिनींनी अंगठी तिच्या हातात परत दिली. "ही तुझ्या सुनेला दे गं. तिचा हक्क आहे."

माकचुतने मान हलवली. "सून तिच्या आईच्या घरी. तिला आई देणार. मुलगे बायकोच्या घरी. मला मुलगी नाय." मग तिने पोरीकडे बोट दाखवलं. "ही हाय."

पोरगी तिच्या गळ्यातच पडली. मग तिने ती अंगठी आपल्या बोटात घालून घेतली. संध्याकाळी दारात पाट मांडला, आणि जे लपूनछपून करावं लागलं होतं ते माकचुतने सगळ्यांसमोर केलं. शेवटी उरलेले तांदूळ माझ्याही डोक्यावर टाकले. मी कोणासमोर मान लववणारा माणूस नव्हे, पण लववली.

मी अहवाल लिहिला, 'चौकशी केली, गुन्हा घडलेला नाही.' हारिसला चहा पाजला आणि त्याच्याकडून तोंड बंद ठेवायचं वचन घेतलं. पण झोपताना विचार सुटेना. आम्हा पोलिसांना प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न शिकवतात, कोणी नेली? कोणी दिली, हे विचारायचं आम्हाला सुचतच नाही. उघड्या बॅगेत सोनं दिसलं तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांना चोरी सुचली, चेटूक सुचलं. माया कोणाला सुचली नाही. आणि मोलकरणीकडून घेण्यासारखं काही असतं हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढे वर्षभराने माकचुत कायमची गावी निघाली. नियमाप्रमाणे तिची बॅग फाटकावर माझ्यासमोर आली. ती बाहेर टॅक्सीत सामान लावत होती. मी चेन उघडली. चादरी, खजूर, पोरीचा फ्रेममधला फोटो. आणि तळाशी, स्वेटरच्या घडीत, एक पुरचुंडी. आत कुंकवाच्या अक्षता आणि वहिनींच्या हातातली एक सोन्याची बांगडी. ती बांगडी मी रोज पाहत आलो होतो.

मान वर करून पाहिलं. पलीकडे घराच्या खिडकीत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी पुरचुंडी होती तशी बांधली, स्वेटरच्या घडीत परत ठेवली, चेन ओढली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बॅग तपासली. आक्षेप घेण्यासारखं काही नाही.'