घाटातल्या राक्षसांची भौगोलिक कारणे

भूगोल शिकवताना मी एक क्रम कटाक्षाने पाळला: आधी नकाशा, मग हवामान, मग पिके आणि सर्वांत शेवटी माणसे. हा क्रम उलटला की विद्यार्थी अमुक लोक आळशी, तमुक लोक शूर, अशी उत्तरे लिहू लागतात. निवृत्तीनंतर हाच क्रम मला राक्षसांना लावावा लागला, आणि तो त्यांनाही तंतोतंत लागू पडला.

माझी भाची पटावरचा एक खेळ तयार करत होती. कारखान्यातली नोकरी सोडून वर्षभर ती त्यात गढलेली होती. खेळ थोडक्यात असा. खोऱ्यातल्या तीन गावांना मीठ घाटापलीकडून आणावे लागते आणि घाटात राक्षस राहतात. तीन खेळाडू तीन गावांचे तांडे चालवतात, चौथा राक्षस चालवतो. पट देखणा होता. बर्फाची शिखरे, काळे कडे, कड्यांत गुहा, आणि गुहांच्या खालच्या उतारावर एक हिरवा पट्टा, त्यात उभी केलेली छोटी लाकडी झाडे. सगळे तिने स्वतः रंगवलेले होते.

अडचण एकच होती. राक्षस व्हायला कोणी तयार होत नव्हते. खेळून पाहणाऱ्यांपैकी ज्याच्या वाट्याला राक्षस येई, तो थोड्याच वेळात कंटाळून मोबाइल पाहू लागे. चौघांच्या खेळात एकाला कंटाळा आला की तो खेळ पुन्हा कोणी मांडत नाही, हे तिला कळत होते. सोमवारी सगळे छपाईला जायचे होते आणि त्यानंतर एक अक्षरही बदलता येणार नव्हते. म्हणून रविवारी दुपारी ती पट घेऊन बडोद्यातल्या नागरवाड्यात माझ्याकडे आली. सोबत तिचा जवळच्या पादरा गावचा गुजराती मित्र होता आणि रेल्वेच्या वसाहतीत वाढलेली एक मराठी मैत्रीण.

"मावशी, तू राक्षस हो," भाची म्हणाली.

"वयाचा मान राखलास."

"मासी, चिंता नाही," मित्र म्हणाला. बडोद्यातल्या मराठी घरांत वावरून तो मराठी सफाईने बोलतो, पण मावशीची मासी होते ती होतेच. "राक्षसाला डोकं लावायचं कामच नाही. आलो की मारायचं, बस."

मी माझे कार्ड वाचले. त्यावर लिहिले होते: 'राक्षस क्रूर असतात. ते रात्री हिंडतात. कच्चे मांस खातात. अग्नीचा द्वेष करतात. घाटातून जाणाऱ्यांवर हल्ला करतात.'

"पहिले वाक्य चुकीच्या जागी आहे," मी म्हणाले. "बाकीची चार निरीक्षणे आहेत. 'क्रूर' हा निष्कर्ष आहे. तो आधीच लिहिला की पुढे विचार करायला काही उरत नाही."

"तुझी मासी पेपर तपासायला बसली," मित्र भाचीला म्हणाला.

"बसू दे ने," ती म्हणाली; बडोद्याच्या मराठीत 'ना'चा 'ने' होतो. मात्र तिची नजर घड्याळाकडे गेली.

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही 'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न ठाऊक असतो. मी तोच विचारला. "राक्षस कच्चे मांस खातात. कारणे लिहा."

"स्वयंपाक येत नाही," मैत्रीण म्हणाली. "माझ्यासारखंच."

मी पटावर बोट ठेवले. "गुहांच्या उंचीवर एकही झाड नाही. सरपण कुठून आणणार?"

"अगं, गुहा उठून दिसाव्यात म्हणून मी तिथे झाडं काढली नाहीत," भाची म्हणाली.

"तू ती कशासाठीही काढली नसशील. आता तिथे झाडे नाहीत, आणि तिथे राहणाऱ्यांना ते निभावून न्यावे लागणार."

पुढची उत्तरे याच नकाशातून निघाली. उन्हात बर्फ सैल होते आणि दगड सुटतात; रात्री ते गोठून घट्ट बसते. म्हणून हिंडायचे ते रात्री. तांडेवाले मुक्कामाला शेकोटी पेटवतात, त्यासाठी खालच्या पट्ट्यातली झाडे तोडतात, आणि तो सगळा उतार त्या झाडांनीच धरून ठेवलेला असतो. अग्नीचा द्वेष आणि हल्ला ही दोन निरीक्षणे एकाच कारणाने उलगडली.

मग आम्ही खेळलो. मित्राचा तांडा घाटात शिरला आणि मी तो जाऊ दिला.

"मासी, मारा ने."

"तू झाड तोडले नाहीस. कशाला मारू?"

मीठ घेऊन परतताना मैत्रिणीने मुक्काम केला आणि शेकोटीसाठी एक झाड पटावरून उचलले. मी तिचे सगळे मीठ घेतले आणि वर एक बैलही घेतला.

"अहो मावशी, एकच झाड होतं," ती म्हणाली.

"उताराला विचार."

मित्राने यावर नामी उपाय काढला. त्याने हिरवा पट्टाच पेटवून दिला, माझ्या गुहा उघड्या पाडल्या आणि माझ्या बहुतेक सोंगट्या उचलल्या. "घाट आपला," असे म्हणून तो हात चोळू लागला. भाचीने उघड्या पडलेल्या उतारावरून बोट फिरवले. मग तिने खेळाच्या डब्यातले दगड काढले आणि स्वतःच्या तांड्यासकट तिन्ही तांड्यांच्या वाटेवर रचले. दरड कोसळली होती. घाट बंद झाला होता आणि मीठ कोणालाच मिळणार नव्हते.

"आ तो चीटिंग छे," मित्र म्हणाला.

"चीटिंग नाही, उतार आहे," भाची म्हणाली.

एवढे होऊनही तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "मावशी, राक्षस तर बिचारे ठरले. वाईट कोणीच नाही. मग घाटात शिरताना भीती कशाची वाटणार?"

हा प्रश्न योग्य होता, आणि राक्षसांना न्याय द्यायला निघालेल्या प्रत्येक लेखकाने तो स्वतःला विचारावा, असे माझे मत आहे. ज्याच्याविषयी गैरसमज झाला तो निर्दोष असतोच, असे नाही. मी तिला म्हणाले, "मीठ मी उतारासाठी घेतले, तांड्याला पुन्हा यायची धास्ती वाटावी म्हणून. पण बैल का घेतला? तो माझ्या कोणत्याच कारणात बसत नाही. भूक होती, हाताशी सापडला, म्हणून घेतला. कारण समजले तरी गुण कापायचे ते कापावेतच. आणि भीतीचे म्हणशील, तर या दोघांना माझी कारणे आधीच ऐकू आली, तिथे ती गेली."

ती खुर्चीत सरळ बसली. "म्हणजे तांड्यांना फक्त निरीक्षणं द्यायची. कारणं एकट्या राक्षसाच्या कार्डावर."

"ते तू ठरव. मी पट वाचला. खेळ तुझा आहे."

तिने माझ्या हातातले कार्ड घेतले आणि पहिले वाक्य खोडले. मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन लिहू लागली. मी शेव-उसळ गरम करायला ठेवली. सोमवारचे काम पुढे ढकलायचे का, असे विचारल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "नको. पट तोच राहणार. कार्डंच बदलायची आहेत."

नवी कार्डे घेऊन ती बाहेर आली तेव्हा राक्षसाच्या कार्डासाठी मैत्रिणीने हात पुढे केला. मित्राने ते आधीच उचलले होते.

"ए, मासीनंतर माझा नंबर," तो म्हणाला.

"तुलाच तर डोकं लावायचं नव्हतं," मैत्रीण म्हणाली. तो कार्ड वाचत होता. एकदा वाचून झाल्यावर त्याने ते परत वाचले.

या डावात मी तांडा घेतला. एकही झाड तोडले नाही, शेकोटी पेटवली नाही, रात्रीची वाट टाळली. तरीही मीठ घेऊन परतताना घाटाच्या तोंडाशीच त्याने मला अडवले. भाचीने कारणे बदलली होती.

"का रे अडवलेस?"

"राक्षस आहे, मासी," तो कार्ड छातीशी धरून म्हणाला. "कारण मला माहीत. तुम्ही शोधा."

भाची आपला तांडा विसरून त्याच्याकडे पाहत होती. मी बैल सोडले, मीठ खाली उतरवले आणि पटावरचा तो भाग पुन्हा नीट पाहू लागले.