घरंदाज सर्दी

वाशीमजवळच्या मालेगावात, आमच्या घरात सर्दीला आजार मानत नाहीत. खाली बाबांचं मिरचीचं दुकान आहे आणि वर आम्ही राहतो. वाळल्या मिरचीची पोती येऊ लागली की घरातला प्रत्येक जण शिंकतो आणि बाबा खूश असतात. गिऱ्हाईक पोत्यात हात घालतं, मिरची मोडून हुंगतं आणि शिंकलं की सौदा ठरतो. ज्या मालाने शिंक येत नाही, तो माल कसला? अशा घरात नाक गळण्याची तक्रार कोण ऐकणार?

तीन वर्षांपूर्वी मी मॅट्रिकची परीक्षा देऊन नागपूरच्या कॉन्व्हेंट बोर्डिंगमधून घरी आले आणि लगेच शिंकू लागले. पहिले आठ दिवस सर्दी सगळ्यांसारखीच होती. पाण्यासारखं नाक, घशात खवखव. मग दोन दिवस बरं वाटलं. अकराव्या दिवशी ती पुन्हा उलटली आणि या वेळी तिचं वागणं निराळं होतं. संध्याकाळी ताप यायचा. नाकातून दाट पिवळं यायचं, तेही उजव्याच बाजूने. उजवा गाल आतून ठणकायचा आणि केर काढायला वाकले की सगळं डोकं त्या गालात येऊन बसायचं.

गालाच्या हाडात पोकळी असते, हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते. परीक्षेत तिची आकृतीही बिनचूक काढली होती. आता ती आकृती माझ्याच गालात भरली होती आणि घरच्यांना ते कुठल्या शब्दांत सांगावं, हे मला ठाऊक नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांकडे मला काकू घेऊन गेली. लग्नाच्या मुलीने डॉक्टरांशी स्वतः बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. दुखणं मुलीचं, पण सांगायचं घरातल्या मोठ्या बाईने. जिना उतरतानाच काकूने मला बजावलं.

"सर्दी हाय म्हनायचं. पोरीच्या डोक्यात काही हाय असं गावात झालं, तं कोन विचारीन तुले?"

डॉक्टरांनी काकूला विचारलं, "किती दिवसांपासून आहे?"

"काल-परवापासून."

"ताप?"

"नाही जी."

"डोकं दुखतं का?"

"डोकं एकदम चांगलं हाय तिचं. मॅट्रिकले बसली न!"

त्या दिवशी मला सर्दी होऊन पंधरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली. सगळ्या तपासणीत माझा तेवढाच भाग कामी आला. मग त्यांनी मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली गुलाबी मिक्श्चरची बाटली दिली. ती संपली तरी गाल तसाच होता.

त्यानंतर माझ्या हातून एक चूक झाली. वरच्या दाढा दुखतात, असं मी जेवताना बोलून गेले. काकूचा चेहरा उजळला. दाढेचं दुखणं घरंदाज असतं. ते कुणाच्या लग्नाच्या आड येत नाही.

"मंग आधी काहून नाही सांगितलं वं? काढून टाकू. मागची दाढ कोनाले दिसते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने वाशीमला दाताच्या डॉक्टरांकडे निघालो. माझ्या दाढा निरोगी होत्या. त्यातली एक संध्याकाळपर्यंत जाणार होती आणि दुखणं मात्र माझ्याबरोबर घरी परत येणार होतं. काकूसमोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी गाडीत खरं दुखणं सांगणारी सहा इंग्रजी वाक्यं जुळवत बसले. इंग्रजी काकूला कळत नव्हतं, म्हणजे रीतही मोडली नसती.

खुर्चीत बसल्यावर मी ती सहाही वाक्यं व्याकरणशुद्ध म्हटली. डॉक्टर नुसते माझे उच्चार कौतुकाने ऐकत होते. "यस, यस, व्हेरी गुड," असं म्हणून ते काकूकडे वळले. "पोरगी हुशार आहे हो तुमची." आणि त्यांनी गरम पाण्यातून पकड बाहेर काढली.

अकरा वर्षांच्या कॉन्व्हेंटचा उपयोग तिथे संपला. मी डॉक्टरांचं मनगट धरलं आणि ओरडले, "दाढ नाही जी! गाल दुखून राह्यला माहा! वाकलं का डोकं फुटते! बावीस दिवस झाले, ताप येऊन राह्यला!"

काकू म्हणाली, "बाई वं! हे कधी शिकली असं बोलाले?"

डॉक्टरांनी पकड ठेवली आणि एका सळईने माझ्या उजवीकडच्या वरच्या तीन दाढा एकेक करून ठोकल्या. तिन्ही सारख्याच दुखल्या. "किडलेली एकही नाही," ते म्हणाले. मग त्यांनी मला वाकायला लावलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बाई, साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते," त्यांनी काकूला सांगितलं. "नुसतं पिवळं आलं म्हणून घाबरायचं नसतं, तसं सर्दीतही येतं. पण हिची उतरून पुन्हा चढली, एकाच बाजूला ठणकते, वरून ताप. हे सायनसचं आहे. मी दाढ काढली तर दाढ जाईल, दुखणं राहील."

त्यांनी आमच्या गावच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. तिच्यात बावीस हा आकडा होता. पुढे त्या चिठ्ठीवर गोळ्या मिळाल्या आणि आठवड्याभरात मी वाकून केर काढू लागले.

पण त्या दिवशी परतीच्या एसटीत शेजारच्या बाईने विचारलंच, पोरीला कुठे नेलं होतं म्हणून.

"दाढ काढाले," काकू म्हणाली. "डॉक्टर म्हने, लय मजबूत दाढ हाय, माह्याच्यानं नाही निघत."

बाई माझ्याकडे वळली. "कोनती वं?"

मी तोंड उघडून तिला दाखवल्या. तिन्ही.