बिस्किटाच्या पुड्यातलं सोनेरी कार्ड

केबल आली आणि आमच्या हडपसरच्या इमारतीतली पोरं संध्याकाळी अंगणात दिसेनाशी झाली. सगळी कार्टूनसमोर. त्यातल्या योद्ध्यांची कार्डं बिस्किटाच्या पुड्यात मिळायची. पुडा फोडायचा, कार्ड काढायचं आणि बिस्किटं कुत्र्याला. उदारीकरणाचा फायदा आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुत्र्यांना झाला. माझ्या चौथीतल्या मुलीला मात्र सोनेरी कार्डाचा ध्यास लागला होता, आणि ते काही निघत नव्हतं.

ती कार्डं नारायण पेठेतल्या ज्या छापखान्यात छापली जात, तिथे मी मशीनवर होतो. एका रविवारी तिला सोबत नेलं आणि छापलेला मोठा कागद समोर पसरला. बाकीचे योद्धे त्यावर पुन्हा पुन्हा होते. सोनेरी मात्र कोपऱ्यात एकच. तिने बराच वेळ बोट फिरवून पाहिलं.

"मुद्दाम कमी छापता?"

मी हो म्हणालो. सगळ्यांना मिळालं तर पुडे कोण घेईल, आणि ते कार्टून म्हणजे तरी काय, अर्ध्या तासाची जाहिरातच, हेही सांगितलं. तिला पटलं. पोरगी शहाणी झाली म्हणून मी खूश होतो.

तिने ते शाळेत सांगितलं. मैत्रिणी म्हणाल्या, तुला मिळालं नाही ना, म्हणून कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मग मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी कुणी बसेना. डबा अर्धा परत यायला लागला. खरं बोलणाऱ्याला थोडं सोसावं लागतं, असं मी तिला सुनावलं. चाळिशीत हे म्हणायला काय जातं? तिचं सगळं जग त्या तीन-चार मुलींत होतं.

एका संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर खाली खेळताना दिसली. मला फार बरं वाटलं. वर आल्यावर विचारलं, पटलं का शेवटी त्यांना?

ती चपला काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, माझे बाबा थापा मारतात."

राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. तिचा डबा उघडून पाहिला. कित्येक दिवसांनी तो रिकामा होता. बरं केलंस, एवढंच मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मशीनवर तोच कागद होता. छापला.