लादी

"उचला म्हणलं ना तो टोप, मावशी! आज गरम पाणी लागणार नाही."

"अहो बाई, आज पोरींची परीक्षा. गार हात लावतील की पोटाला!" वॉर्डातली मावशी टोप दोन्ही हातांनी धरून तशीच उभी.

"लावू देत. तेच बघायचंय मला."

मावशी पुटपुटत मोरीकडं गेली.

बाई म्हणजे इथल्या शिकवणाऱ्या बाई. नर्स झालेल्या पोरींना त्या पुढचं शिकवायच्या. एखादी गरोदर राहिल्यापासून तिचं पोर पायावर उभं राहीपर्यंत अख्खं घर कसं सांभाळायचं, ते. तोंडावर 'बाई', पाठीमागं 'लादी'. ते नाव त्यांना ह्याच खाटेपाशी चिकटलं होतं. त्या शिकत होत्या तेव्हा परीक्षेत त्यांचा हात लागला तशी गर्भारीण दचकून ओरडली. तेव्हाची मोठी बाई सगळ्यांदेखत कडाडली, "हात आहेत का बर्फाची लादी? आणि पोट आहे ते, कणीक नाही तिंबायला! हो बाहेर!"

वर्ष बुडालं. बरोबरीच्या पुढं गेल्या, लादी मागं राहिली. हात गरम कसे करायचे ते मोठ्या बाईनं कधी कुणाला सांगितलं नाही. गरम पाण्याचा टोप वॉर्डात आणला तो लादीनंच. आणि आज उचलायला लावला तोही तिनंच, कारण आज मोठ्या बाईची लेक परीक्षेला होती. आईसारखीच वर उचललेली हनुवटी. पहिल्याच दिवशी पोरीचा हात चुकून हाताला लागला होता. गारढोण! त्या दिवशी बाई घरी गुणगुणत गेल्या होत्या.

पोरीनं नळाखाली हात धुतले. टोपाच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग बाईंकडं. बाई पंख्याकडं बघत होत्या. जिभेवर ते जुने शब्द धार लावून बसले होते. फक्त खाटेवरची गर्भारीण ओरडायचा अवकाश.

"ताई, माझे हात लई गार आहेत हो. जरा तुमच्या हातात धरता का?" पोरीनं तिला विचारलं.

गर्भारीण हसली. "आण गं इकडं. अगं बया, फ्रिजात ठेवले होतेस काय!"

"घरी मदतीला कोण आहे?"

"सासूबाई. मदत कमी, सूचना फार."

"आणि मालक?"

"ते आमच्या दोघींच्या मधे. खांबासारखे उभे."

दोघी खिदळल्या. तेवढ्यात हात उबले. मग पोरीनं ते अलगद पोटावर ठेवले, चाचपले. "डोकं खाली. पाठ डावीकडं. ठोके इथं लागतील." लागले.

बाईंना जिभेवरचे शब्द तसेच गिळावे लागले. खोटी खोट काढणं अवघड नव्हतं. पण सूड घ्यायचा तो खणखणीत. खोट्यानं नापास केलं, तर मोठी बाई घरी बसून चार शिव्या घालणार आणि मोकळी होणार. छे! इतक्या स्वस्तात तिला सोडायची नव्हती.

"पास," बाई म्हणाल्या. पोरीचा चेहरा फुलला. "आईला सांग, लादीनं पास केलं."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. "बाई, तुम्हाला ते नाव... माहितेय?"

"मला माहितेय. कुणी ठेवलं ते तुला माहीत नाही. आईला विचार."

"आईला? तिला काय माहीत?"

"सगळं माहितेय. तिच्याच तोंडानं सांगायला लाव. आणि पुरतं सांगेपर्यंत पानावर बसू देऊ नको तिला."

पोरगी गोंधळून बाहेर गेली. आज संध्याकाळी मोठ्या बाईची हनुवटी किती खाली येईल, ते बाईंनी डोळ्यांसमोर नीट मांडून बघितलं. चवीनं बघितलं.

मग त्या उठल्या. "मावशी, आणा तो टोप! वाफ येऊ दे जरा. आणि पुढच्या पोरीला पाठवा."