कोंडीबाचा कोंबडा आणि बयाबाईंची साक्ष

आमच्या पलूसच्या शिवारात बयाबाई सातपुत्यांशी वाद घालायला एकटा कोंडीबा धनगरच धजतो. दरसाल तो वडूजकडून कळप घेऊन उतरतो आणि खतासाठी मेंढरं आधी बसवतो ती बयाबाईंच्या रानात. मेंढरं बसली की चहा, चहा आला की वाद.

"आक्का, तुमचं बायबल तुमच्याच मानसांनी लिवलेलं. आपला त्यो बाब्या, दुसऱ्याचं त्ये कारटं."

"तितंच तर मेख हाय," बयाबाई म्हणतात. "पेत्र म्हंजे येशूचा चेला, आमच्यातला थोरला. येशूला धरून नेलं, तवा भ्यानं तीनदा म्हनला, मी त्याला वळखत न्हाई. येशू आदीच बोलला हुता, कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. मग कोंबडा आरवला आनि ह्यो ढसाढसा रडला. बनवून लिवायचं असतं तर आपल्याच थोरल्याची अब्रू कुनी घालवली असती?"

"लिवनाऱ्याचं पेत्राशी भांडान असंल," म्हणून कोंडीबा बशी पालथी घालतो.

यंदा एका रविवारी मेंढरांभोवतीची जाळी सुटली आणि कळप शेजारच्या वीरधवलच्या द्राक्षबागेत घुसला. वीरधवलचा राग कायम नाकावर. पुन्हा या शिवारात मेंढरं दिसता कामा नयेत, म्हणाला. कोंडीबा बायकोवर घसरला, कारण जाळी बांधायचं काम हरणाबाईचं. ती बिचारी शपथा घेत होती, ऐकतंय कोण. तेवढ्यात बयाबाई चर्चहून परतल्या.

"काकू, जाळी कुणी सोडली?" वीरधवलनं विचारलं.

"मला काय ठावं?"

"आक्का, सकाळी तुमी हितनंच गेलासा न्हवं?" हरणाबाई म्हणाली.

"गेले आसंन. जाळीला हात न्हाई लावला."

"खरं का, आक्का?" कोंडीबानं विचारलं.

"न्हाई म्हनलं न्हवं?"

आणि घोड्यावरच्या बोचक्याशी बांधलेला कोंडीबाचा कोंबडा आरवला.

हा कोंबडा भरदुपारीही आरवतो, त्यात दैवी काही नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बयाबाई मटकन बांधावर बसल्या. "म्याच सोडली. एसटी चुकंल म्हनून मधनं गेले आनि परत बांधायची ऱ्हायली. हरणा, तुजं काय बी चुकलं न्हाई." आणि रडल्या. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी ही बाई मला फार आवडली.

वीरधवल निवळला. मेंढरं राहिली.

परवा कोंडीबा ही हकिकत गावातल्या चांदसाहेबांना सांगत होता. बयाबाई समोर, म्हणून मानानं म्हणाला, "आक्कांनी आल्या आल्या कबूल केलं बगा."

बयाबाईंनी कप खाली ठेवला. "आदी तीनदा खोटं बोलले. त्ये बी सांग."

"कशाला, आक्का?"

"त्ये गाळलंस तर बाकीचं कोन खरं मानंल?"

कोंडीबानं बशी खाली ठेवली. चहा निवून गेला.

"म्हंजे पेत्राचं बी पेत्रानंच सांगायला लावलं असंल व्हय, आक्का?"