येऊ दे, येऊ दे, बास! चिंचवड ते चाकण, गरम दगडांच्या मागावर

प्रवासाला निघायचं म्हटलं की लोक डोंगर नाहीतर समुद्र गाठतात. मी काळेवाडी गाठली. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. ज्यांची मान, खांदे किंवा पाठ आखडली आहे, त्यांनी पुढे वाचावं.

झालं असं की, गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना मी डावीकडे मान वळवायला गेले आणि मान वळेचना. सगळं अंग वळवून पाहिलं तर खांद्यापासून कानापर्यंत कळ गेली, आणि त्या कळीत गाडी खांबाला घासली. खांबाला काही झालं नाही. गाडीला झालं. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं, ही चूक.

"मावशी, आता गाडी काढून टाक," निखिल म्हणाला. "माझ्या ऑफिसातल्या एकाला हवीच आहे. पुढच्या रविवारी येतो, गाडी घेऊन जातो आणि तुलाही."

गाडी आणि मी, एकाच वाक्यात, एकाच फेरीत.

निखिल माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा मुलगा. कुंदाचे यजमान लवकर गेले, मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्याला आम्ही दोघींनी चिंचवडच्या याच घरात वाढवलं. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली आणि कुंदा नात सांभाळायला नाशिकला गेली. गेली ती गेलीच. त्यात तक्रार नाही; नात आहे, जाणारच. मलाही ते नाशिकला बोलावतात. मला जायचंही आहे. पण माझ्या गाडीतून, दोन दिवसांची बॅग घेऊन, पाहुणी म्हणून. सामान म्हणून नाही. तेव्हा प्रश्न सरळ होता: रविवारच्या आत मान वळायला हवी.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, "हाडं ठीक आहेत, स्नायू आखडलेत. शेक, मसाज, काहीही चालेल. घरी चोळून द्यायला कोणी आहे का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान खाली घालून पुढचं लिहायला घेतलं.

दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये एक जागा असते. तिथे आपला हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही नाही. एकटं राहणाऱ्या प्रत्येकाला ती जागा माहीत असते. मी लाटण्याला बाम लावून पाहिला. उपयोग झाला नाही, वर दोन दिवस पोळ्यांना निलगिरीचा वास. शेवटी गरम दगडांच्या मसाजची माहिती काढली आणि घराबाहेर पडले. भोसरीच्या एका कारखान्यात मी सारी नोकरी क्वालिटी विभागात केली. आलेला माल तपासायचा, पास नाहीतर रिजेक्ट. त्याच नजरेने निघाले.

पहिला मुक्काम पिंपळे सौदागर. गाडी चालवणं बंद, म्हणून रिक्षा. एका मोठ्या सोसायटीच्या पुढ्यातल्या दुकानांच्या रांगेत, वरच्या मजल्यावर स्पा. आत गवती चहाचा वास, भिंतीवरून पाणी ओघळतंय. काउंटरवर काळ्या गणवेशातली चुणचुणीत मुलगी.

"काय त्रास आहे मॅम?"

"खांदे भरलेत."

तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "कधी भरलेत मॅम? ऑनलाइन का?"

"पैसे नाही. खांदे! आखडलेत."

"अच्छा, स्टिफनेस!" ती म्हणाली, आणि पुढच्या फोनवर कोणाला तरी हसत हसत सांगू लागली. मी तिला दोष देत नाही. अंग भरून येतं हे सांगायला समोर आपलं माणूस लागतं.

आत मसाज करणारी मुलगी मणिपूरची, बोलायला गोड. दगड काळे, गुळगुळीत. बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. इथे त्याला टॉवेलवर निजवलं होतं. तिने पाठीवर थोडं तेल लावलं, टॉवेल पसरला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना पाटावर वड्या मांडाव्यात तसे दगड मांडले, "आप रिलॅक्स कीजिए" म्हणाली आणि दार ओढून गेली.

मी पालथी. पलंगाच्या भोकातून तोंड खाली, खाली पाण्याच्या वाडग्यात चार फुलं. दगड कोमट होते, मग गार झाले. बासरी वाजत राहिली. त्या वाडग्याशी नजरानजर करत मी पडून राहिले आणि वाटलं, यापेक्षा आपली स्वयंपाकघरातली खुर्ची बरी. तिथे निदान शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

वाचकांसाठी: नुसता शीण घालवायचा असेल, झोप लागत नसेल, तर असा मांडणीचा मसाज चांगला आहे, जरूर घ्या. पण स्नायूंनी गाठ धरली असेल, तर दगड हातात धरून फिरवणारं कोणी हवं. पैसे देण्याआधी एकच विचारा, दगड ठेवणार का फिरवणार? मी विचारलं नव्हतं.

दुसरा मुक्काम काळेवाडी. माझ्या कामवाल्या बाईंनी पत्ता दिला होता. डेअरीच्या वर एका खोलीचं लेडीज पार्लर, चालवणाऱ्या बाई मूळच्या लातूरकडच्या. तिथे दगड भाताच्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये गरम होत होते.

"भात न्हाई करत ह्याच्यात काकू," त्यांनी माझी नजर पकडून सांगितलं. "निस्ते दगडच शिजवतो."

मी हसले, आणि तिथेच गाफील राहिले. पहिला दगड पाठीच्या उजव्या बाजूला टेकला आणि मी पलंगावरून उठलेच.

"भाजलं हो!"

"गरम लागल्याबिगर नस कशी मोकळी व्हावी काकू?"

"नस मोकळी होईल. कातडी शिल्लक राहील का?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर केसांना मेंदी लावून बसलेली एक बाई खुदकन हसली. "काकू लई कडक हायत."

"दगडापेक्षा," पार्लरवाल्या बाई म्हणाल्या. पण लगेच ओलं फडकं आणलं, कुंडीतली कोरफड कापून लावली, खाली ओरडून चहा मागवला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. चहा उत्तम होता. माल मात्र रिजेक्ट.

मेंदीवाली बाई चाकणच्या बाजूची निघाली. "तुमी चाकणला जावा," तिने सांगितलं. "माझी नणंद हाय तिथं हाटेलात मसाजला, सुरेखा. कंपनीतले जपानी सायब तिच्याकडंच येत्यात मान धरून."

पाठीवरची लाली जाईपर्यंत मी थांबले. भाजलेल्या, सुजलेल्या जागी गरम दगड कधीही घेऊ नका. मधुमेहामुळे त्वचेला बधिरपणा असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पायाच्या शिरा फुगल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधल्या दिवसांत निखिलचा फोन आला. गाडीचे कागद काढून ठेव म्हणाला. मी बघते म्हटलं. त्याच्यामागून बाळाचा आवाज येत होता आणि कुंदा तिला काहीतरी गुणगुणत होती. माझ्याशी बोलायला कोणी तिला हाक मारली नाही, मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी चाकणची बस धरली. भोसरी, मोशी, मग पुढे सरळ नाशिकला जाणारा रस्ता. गर्दीच्या वेळी जाणाऱ्यांनी वाचायला काहीतरी न्यावं. बस धावते कमी, उभी जास्त. कंटेनर, नव्या कोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर, कंपन्यांच्या पांढऱ्या बस, कडेला भंगाराची आणि टायरची दुकानं. मधून मधून हिरव्या पाटीवर नाशिक आणि किलोमीटर. मान वळत नव्हती, म्हणून मला सगळ्या पाट्या समोरूनच वाचाव्या लागल्या. चाकणच्या चौकात भज्यांची कढई बोलावत होती, पण भरल्या पोटी मसाज घ्यायचा नसतो. एक केळं खाल्लं आणि एमआयडीसीकडे शेअर रिक्षा केली.

हॉटेलच्या अलीकडे रिक्षा थांबली. एक लांबलचक ट्रेलर कंपनीच्या गेटमध्ये उलटा शिरत होता आणि सगळा रस्ता थोपवून धरला होता. मागे उभा क्लीनर पत्र्यावर थापा मारत ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" थाप बसली, ट्रेलर जागच्या जागी थांबला. मागे हॉर्न वाजत होते, तरी ड्रायव्हरचं लक्ष फक्त त्या एका आवाजाकडे.

आमच्या पार्किंगमध्ये हे काम कुंदाचं होतं. मी गाडी मागे घ्यायची, ती पदर खोचून खांबापाशी उभी राहायची. तिचं "बास" नेहमी लवकर यायचं. मी काचेतून ओरडायचे, "कुंदे, अजून हत्ती मावेल तिथं!" ती म्हणायची, "मावू दे. तू थांब."

हॉटेलातली सुरेखा पस्तिशीची असेल, मनगटं मजबूत. तिने आधी बीपी, साखर, गोळ्या विचारल्या, मग पाठ पाहिली.

"ह्ये कुनी भाजलं, ताई?"

"तुझ्या भावजयीच्या पार्लरवालीने."

"तिथं मी माझ्या शत्रूला न्हाई धाडायची!" ती हसली. दगड पाण्याच्या भांड्यात होते, भांड्याला उष्णता दाखवणारा काटा लावलेला. एक काढून तिने आधी स्वतःच्या हातावर धरला, मग माझ्या तळव्यावर ठेवला. "सोसतंय का? आता आसं करायचं. मी दगड वरून खाली आनती. तुमी येऊ दे म्हनलं की येनार, बास म्हनलं की थांबनार. आमचे मालक ट्रेलरवर हायत, आमच्या घरात हीच भाषा."

"आणि जपानी साहेबांना?"

"त्यान्ला मराठी तेवढंच येतं!"

मग ती कामाला लागली. दगड ठेवला नाही, फिरवला. मानेपासून खांद्याकडे, खांद्यावरून खाली. तेल भरपूर, भाजलेली जागा वगळून. दगड निवला की बदलायचा, पण बदलताना दुसरा हात पाठीवर तसाच.

"येऊ दे?"

"येऊ दे."

"आजून?"

"येऊ दे."

आणि दगड त्या जागी पोचला. पात्यांच्या मधोमध, लाटणं जिथे हरलं होतं तिथे. कुंदा नाशिकला गेल्यापासून तिथे कोणाचा हात लागला नव्हता. सुरेखा थांबली आणि वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"लागलं का, ताई?"

"नाही."

"डोळ्यातनं पानी आलंय न्हवं. बास करू?"

"नको. येऊ दे."

दगड फिरत राहिला. बाहेर आणखी एक गाडी मागे येत होती, कुणीतरी कुणाला तरी सांभाळून आत घेत होतं.

उठल्यावर मान डावीकडे वळवली. पुरती नाही, पण खांद्यावरून मागचं दिसेल इतकी वळली. सुरेखाने बजावलं, "आज पानी पेत ऱ्हावा, आन लगेच गाडीला हात लावू नका. एकदा येऊन भागायचं न्हाई, परत यावं लागंल. घरी कोन हाय चोळायला?"

"कोणी नाही."

"मग या की हितं," ती म्हणाली आणि टॉवेल गोळा करू लागली.

पिंपळे सौदागरच्या निम्म्या पैशांत काम झालं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी पहिल्यांदा रस्त्याची डावी बाजू पाहिली. पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी भोसरी येईपर्यंत पाहत राहिले.

आता हिशेब. मान अजूनही सकाळी कुरकुरते, चाकणच्या फेऱ्या चालू राहतील. दगड कुठलाही चालतो. निवडायचं ते माणूस: जे आधी स्वतःच्या हातावर दगड धरून पाहतं, दार ओढून जात नाही आणि तुमच्या "बास"वर थांबतं. हे पार्लरबद्दल लिहायला बसले होते. घराबद्दलही खरं आहे.

शनिवारी सकाळी गाडीत बसले आणि कुंदाला फोन लावला. स्पीकरवर टाकून शेजारच्या सीटवर ठेवला.

"निखिलला सांग, उद्या येऊ नको. गाडी विकायची नाही. पुढच्या आठवड्यात मीच येते, दोन दिवस."

"मान?"

"वळतेय. बघ, आत्ता गाडी मागे घेतेय."

"मागे कोण आहे?"

"कोणी नाही. वॉचमन नाश्त्याला गेलाय."

"मग थांब ना, ताई."

"थांबत नाही."

मग नाशिकहून, इथलं काहीही दिसत नसताना, कुंदाचा आवाज आला, "बरं. येऊ दे... येऊ दे..."

मी मान वळवली. मागची रिकामी सीट, काच, त्यापलीकडे खांब आणि त्याला लागलेला माझ्याच गाडीचा रंग.

"येऊ दे... येऊ दे... बास!"

खांब अजून लांब होता, हत्ती मावला असता. मी ब्रेक दाबला.