एक लिटर पाणी

ज्या बाईवर मी सूड उगवला, ती तालुक्याच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये काउंटरवर बसायची. माझ्या मनात तिच्याविषयी काय आहे, याची तिला कल्पनाही नव्हती. मी मात्र ते चार वर्षं जपून ठेवलं होतं.

तेव्हा मी अजून गावची आशाताई झाले नव्हते. पोटात उजव्या बाजूनं कळ यायची, कधी ओटीपोटातही दुखायचं. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. आमचं गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या काठाला. सकाळच्या एसटीनं जायचं म्हणून मी पिठलं-भाकरी खाऊन, चहा घेऊन निघाले. काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता विचारलं, "उपाशी आहात ना?"

"न्हाई, जेवून आले."

"मग कशाला आलात? उद्या या, काही न खाता."

दुसऱ्या दिवशी मी काहीच न खाता गेले. पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तर ती म्हणाली, "लघवीची पिशवी भरलेली लागते. एवढंही कळत नाही का? तिथं पाणी आहे, प्या आणि बसा. आणि लघवीला जायचं नाही."

मी सहा-सात ग्लास प्यायले. तासाभरात पोट तटतटलं. माझा नंबर तिसरा होता. पण तिच्या ओळखीची एक बाई आली, ती आत गेली. मग कुणाचा तरी फोन आला, त्यांचं माणूस आत गेलं. मी तीनदा उठून तिला सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "सगळ्यांनाच लागलेली असते. बसा."

समोरच्या बाकावर माझ्याच गावचे दोघं जण बसले होते. त्यांच्यासमोर, त्या बाकावरच माझं लुगडं भिजलं.

ती अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडली, "मावशी, फडकं आणा. या बाईनं इथंच केलं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आता पिशवी रिकामी झाली. परत पाणी प्यावं लागेल."

मी परत प्यायले. ओल्या लुगड्यात आणखी तास काढला. पित्ताशयात बारीक खडा निघाला, पथ्य आणि गोळ्यांवर भागलं. गावात मात्र ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. वर्षभर विहिरीवर, दळणाच्या गिरणीत कुणी हसलं की मला वाटायचं, माझ्यावरच हसतायत.

पुढं मी आशाताई झाले. गरोदर बायांना तपासणीला नेणं हे माझं कामच झालं. तोवर तालुक्यात दुसरं सेंटर निघालं होतं. तिथली मुलगी बाकावरच्या प्रत्येकीला विचारायची, "ताई, किती वेळ धरवेल?" मी माझ्या बाया तिकडं नेऊ लागले. शेजारच्या गावांतल्या आशाताईंनाही माझी गोष्ट सांगितली, अगदी फडक्यासकट. त्याही तिकडं जाऊ लागल्या. बायांचं भलं व्हावं असं वाटत होतंच. पण जुन्या सेंटरच्या दारात चपला कमी दिसल्या की मला त्याहून जास्त बरं वाटायचं.

एक दिवस त्या काउंटरवरच्या बाईचा फोन आला. आवाज गोड होता. "ताई, तुमचे पेशंट हल्ली येत नाहीत. सर विचारत होते. काही चुकलं का आमचं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला नाही आठवत हो. असं कुणाचं ना कुणाचं होतंच."

माफी मागितली असती तर मी कदाचित सोडून दिलं असतं. मी म्हटलं, "आमच्या गावात बायांची मीटिंग हाय. तुमी या आन् सोनोग्राफीची तयारी समजावून सांगा. मग बघू."

ती आली, मे महिन्यात, भर दुपारी, स्कूटीवर. अंगणवाडीत तीसेक बाया जमल्या होत्या. आल्या आल्या मी तिला ताक दिलं, मग सरबत दिलं. मग पाण्याची भरलेली बाटली पुढं केली. "आमच्या बायांना लिटर म्हंजे किती, ते कळत न्हाई. तुमी पिऊन दाखवा." सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. तिनं सगळी बाटली संपवली.

बोलली मात्र चांगलं, हे मान्य करायला हवं. वरचं पोट, म्हणजे लिव्हर, पित्ताशय बघायचं असेल तर सहा-आठ तास काही खायचं नाही, दुधाचा चहासुद्धा नाही. साधं पाणी थोडं चालतं. ओटीपोट बघायचं असेल किंवा पहिले महिने असतील तर तासभर आधी लिटरभर पाणी प्यायचं आणि लघवी धरायची. दिवस भरत आले की बहुतेकदा तेवढी गरज नसते. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. आधीचे रिपोर्ट आणि आधार कार्ड बरोबर ठेवायचं.

पाऊण तासानं ती पाय जुळवून उभी राहिली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाथरूम कुठंय?"

"थांबा, बायांचे प्रश्न राहिलेत," मी म्हटलं. आणि एकेकीला उठवून प्रश्न विचारायला लावलं. जिला प्रश्न नव्हता तिलाही.

दहा मिनिटांनी तिनं परत विचारलं. तिच्या ओठावर घाम आला होता.

मी म्हटलं, "सगळ्यांनाच लागलेली असती. बसा."

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तेव्हा तिला आठवलं. निदान कळलं तरी. तिचे डोळे भरून आले. मी घड्याळाकडं बघत होते. मला अजून वेळ हवा होता.

तेवढ्यात मागं बसलेली माझी चुलत सासू उठली. तिनं त्या बाईचा दंड धरला. "चल गं बाई, माझं घर हितंच हाय." जाताना माझ्यापाशी थांबली. "तुझं काय झालं हुतं ते म्या ऐकलंय. पर तू कशापायी तिच्यावानी वागतीस?"

मी रिकामी बाटली उचलून ठेवली.

ती बाई परत आली ती थेट स्कूटीपाशी. "तुम्ही मुद्दाम केलंत," म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

तिनं आरोग्य केंद्रात तक्रार केली. तिथल्या डॉक्टर मॅडमनं मला बोलावलं, मी खरं ते सांगितलं, आणि त्यांनी मला बरंच सुनावलं. पण तिच्या सेंटरमध्ये आता काउंटरवरच सांगतात, असह्य झालं तर आधी सांगा, नंबर पुढं घेऊ. भीतीनं असेल किंवा शहाणपणानं, मला फरक पडत नाही. चुलत सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही, याचं वाईट वाटलं. बाकी कशाचं नाही. माझ्या बाया मी अजूनही दुसऱ्याच सेंटरला नेते.